नासिरभाईंनी न विचारलेला रंग

नेरच्या बसस्टँडवरून कापसाच्या बाजाराकडे जाताना डाव्या हाताला नासिरभाईंचं दुकान लागायचं. दुकान कसलं, चार माणसं उभी राहिली की पाचव्याने बाहेरूनच बोलावं एवढी ती खोली. आत मेलेले टीव्ही एकावर एक रचलेले. त्यातले निम्मे खरं तर दुरुस्त होऊन वर्ष उलटलेलं, पण न्यायला कुणी यायचं नाही. २००६ साल होतं. कापसानं माणसांना असं काही पिळून काढलं होतं की टीव्ही घरी नेऊन त्यावर पाहायचं काय, असंच बहुतेकांना वाटत असावं. मुंबई-दिल्लीकडून गाड्या भरभरून वार्ताहर येत आणि यवतमाळचं नाव रोज बातम्यांत झळके. ते ऐकायला नेरमध्ये लाईन, म्हणजे वीज, नसे. सकाळी पाच तास नाही, दुपारी दोन तास नाही, संध्याकाळी तर तिचा भरवसाच नाही.

नासिरभाई म्हणत, "लाईन जाते तवा काही बिघडत नाही. येते तवा बिघडवते." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. गेलेली लाईन परत येताना अशी काही उसळून यायची की कुणाचा पंखा जळे, कुणाची मोटार, कुणाचा टीव्ही. भारनियमनाचा फायदा झालेला नेरमधला एकच माणूस म्हणजे नासिरभाई, असं लोक चेष्टेनं म्हणत. नासिरभाई हसत. त्यांचं वय चौपन्न, तब्येत काडीसारखी, आणि चेहरा पाहिला तर वाटे की हा माणूस आत्ताच रात्रभराचा प्रवास करून उतरला आहे.

पण टीव्ही म्हणा, घरची वायरिंग म्हणा, कारागीर असा की विचारू नका. सेट चालू केला की कान लावून ऐकायचे. पडद्यामागच्या काचेच्या नळीत हाय टेन्शन, म्हणजे जबर दाबाची वीज, आली की एक बारीक शिटी वाजते, तरण्या पोरांनाही धड ऐकू न येणारी ती शिटी नासिरभाईंना रस्त्यावरच्या गलक्यातही ऐकू यायची. मग तळहाताची मागची बाजू काचेजवळ न्यायची. केस उभे राहिले तर एक बिघाड, नाही राहिले तर दुसरा. शेवटी वास घ्यायचा, आणि जळलं काय ते नुसत्या वासावरून सांगायचं. लोक म्हणत, नासिरभाईंना डोळ्यांची गरजच नाही.

हे लोकांनी कौतुकानं म्हटलेलं वाक्य नासिरभाईंच्या काळजात रुतून बसे. कारण त्यांना खरोखरच दिसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे. गेली ती नजर परत यायची नाही, उरली आहे ती थेंब टाकून सांभाळा. तेव्हापासून थेंब टाकणं चालू होतं आणि नजर जाणंही चालू होतं. आधी कडेचं गेलं. समोरचं दिसे, पण नळकांडीतून पाहावं तेवढंच. मग त्या नळकांड्यातले रंगही विटले. हिरवा, पिवळा, पांढरा, सगळं धुतलेल्या कपड्यासारखं एकसारखं दिसू लागलं. टीव्हीवाले मागून काम करताना समोर आरसा ठेवतात, म्हणजे मागून हात चालू आणि पुढचं चित्र आरशात. नासिरभाईंनी तो आरसा ठेवणं बंद केलं. गिऱ्हाइकाला समोर खुर्ची देत आणि म्हणत, "तुम्हीच सांगा जी, कसं दिसून राह्यलं. सेट तुमचा, पसंती तुमची." लोकांना ती अदब वाटे. सुग्राबी, म्हणजे त्यांची बायको, सोडली तर खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तर दुकान त्या दिवशी बंद, हे दोघांनाही माहीत होतं. आंधळ्या मेकॅनिककडे कोण आपला सेट देणार? आणि तीस वर्षं दुसरं काहीच न शिकलेल्या माणसानं मग करायचं काय?

डिसेंबरातल्या एका दुपारी सुचित्राताई स्वतः दुकानात आल्या. माहेर यवतमाळचं, वडील कचेरीत, लग्न होऊन नेरला आलेल्या, आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढलेला. आठ कॉम्प्युटर, आठ पोरी. आईबापांची एकच मागणी असे, पोरीला वावरात जायची पाळी येऊ नये एवढं शिकवा.

"चाचा, बाराला लाईन गेली आणि दोनला आली," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सात कॉम्प्युटर चालू झाले, आठव्याचा मॉनिटर काळाच आहे. उद्या अकरा वाजता सरकारी परीक्षा आहे. यवतमाळहून साहेब येऊन मशीन मोजतात. एक जरी कमी भरलं तरी केंद्र रद्द. मग पोरींना पुढचे सहा महिने थांबावं लागेल."

"घाबरू नोका जी, पाहून घेऊ," नासिरभाई म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. वाटेत ते बाईंच्या एक पाऊल मागून चालले. पुढच्याच्या पाठीकडे पाहत चाललं की खड्डे कळतात.

क्लासात पोरी सात मशीनवर बसलेल्या, एक जण नुसतीच उभी. नासिरभाई त्या काळ्या मॉनिटरपुढे उकिडवे बसले. बटण दाबलं. शिटी नाही. हात काचेजवळ नेला. केस उभे राहिले नाहीत. मागची केबल चाचपून पाहिली, ती घट्ट होती.

"दिवा लागून राह्यला ना, मॅडम?"

"हो, लागलाय."

इथे एक साधी गोष्ट सांगायला हवी. मॉनिटरच्या बटणाशी एक बारीक दिवा असतो आणि तो दोन रंगांचा असतो. हिरवा लागला तर पडदा चालू आहे, आणि तरीही काळा असेल तर बिघाड त्याच्याच पोटात. पिवळा लागला तर पडदा धडधाकट आहे, नुसता झोपला आहे, डब्याकडून, म्हणजे सीपीयूकडून, चित्र येण्याची वाट पाहतो आहे. तेव्हा बिघाड डब्यात शोधायचा, पडद्याला हात लावायचा नाही. हे नासिरभाईंनीच निम्म्या नेरला समजावून सांगितलं होतं. तोंडाशी आलेला प्रश्न एवढाच होता, कोणता दिवा?

पण त्या दिव्यापासून त्यांचं नाक वीतभर अंतरावर होतं. एवढ्या जवळ बसलेल्या माणसानं रंग विचारायचा? आठ पोरी पाहत असताना? बाई काय समजतील? नासिरभाईंनी प्रश्न गिळला. त्या महिन्यात लाईननं जाळलेले तीन मॉनिटर त्यांच्याकडे आले होते, तिन्हींचे दिवे हिरवे असल्याचं गिऱ्हाइकांनीच सांगितलं होतं, मग हाही हिरवाच असणार. एवढा हिशेब त्यांनी मनाशी केला आणि म्हणाले, "पोटातलं गेलं असन. उघडा लागते."

मॉनिटर मागच्या खोलीत नेला. बाई पोरींची प्रवेशपत्रं तपासायला गेल्या. नासिरभाईंनी स्क्रू काढून बशीत ठेवले, मागचं झाकण उतरवलं, नळीतला साठलेला करंट उतरवून टाकला. हे सगळं हातांना पाठ होतं. आता खालची सर्किटची पाटी बाहेर ओढायची. काचेची नळी पुढे रुंद असते आणि मागे निमुळती होत जाते. तिची ती मागची मान अंगठ्याएवढी जाड आणि अंड्याच्या टरफलाएवढी नाजूक. नासिरभाईंचं सगळं लक्ष समोरच्या पाटीवर होतं. पक्कड धरलेला हात कडेनं चालला होता, आणि कडेचं तर तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं.

टिक् असा आवाज झाला. मग एक बारीक सूं.

नळीत हवा शिरली. तीस वर्षांत हा आवाज त्यांनी दुसऱ्यांच्या दुकानात दोनदा ऐकला होता, स्वतःच्या हातून कधीच नाही. त्यांनी मानेवरून बोट फिरवलं. चीर बोटाला लागली. पलीकडे पोरी काहीतरी पाठ करत होत्या आणि हसत होत्या. नासिरभाई तसेच बसून राहिले. त्यांना राग आला नाही, रडूही आलं नाही. नुसता शीण आला, हाडांत जाऊन बसणारा, आणि वाटलं की इथेच फरशीवर आडवं व्हावं.

बाई आल्या. "काय झालं, चाचा?"

"ट्यूब गेली जी," नासिरभाई म्हणाले. "लाईननं घेतली."

किती सहज निघालं तोंडातून! सगळं नेर लाईनला शिव्या घालत होतं, त्यात ही एक. बाईंनी सुस्कारा सोडला. "लाईनला कोण काय करणार? तुम्ही दुपारभर खपलात. थांबा, आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर आणते, उद्यापुरता तोच लावू." वर त्यांनी चहासुद्धा आणला. तो चहा नासिरभाईंनी तसाच बाजूला ठेवला.

घरातला मॉनिटर आला. बाईंनी स्वतःच केबल जोडली, बटण दाबलं. पोरी गोळा झाल्या. पडदा काळाच.

"अगं बाई," सुचित्राताई म्हणाल्या, "याचाही पिवळाच लागला."

नासिरभाईंचा हात पिशवीवर थांबला. "पिवळा?"

"हो ना. मघाशी त्याचाही पिवळाच होता."

म्हणजे पडद्याला काहीच झालं नव्हतं. बिघाड डब्यात होता, आणि आपण धडधाकट मॉनिटर मारला. बाईंना यातलं काही कळलेलं नाही, हेही नासिरभाईंना कळत होतं. अजून एक थाप पुरली असती. डबाही लाईननंच गेला, असं म्हटलं असतं तर कुणी प्रश्न केला नसता. पण डबा उद्या सकाळपर्यंत चालू व्हायला हवा होता. त्याच्यातलं काम याहून बारीक, आणि त्यात आपला हात घातला तर तोही मोडणार. एका खोट्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, तीन वर्षं हेच चाललं होतं. आता तिसरं रचण्याइतकाही दम त्यांच्यात उरला नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचा मॉनिटर लाईननं नाही गेला. माह्या हातानं गेला. दिवा पिवळा होता थे मले दिसलंच नाही. तुमाले इचारा लागत होतं, तर लाज वाटली. मले दिसत नाही जी."

शेवटचं वाक्य त्यांनी खाली पाहत म्हटलं.

सुचित्राताईंना आधी रागच आला, आणि तो त्यांच्या आवाजात उतरला. "चाचा, एक शब्द विचारला असता तर..." बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. त्या भिंतीकडे पाहत होत्या. भिंतीवर ओळीनं आठ स्विचबोर्ड होते, प्रत्येक बोर्डाखाली लोखंडी टेबल आणि टेबलाला टेकून एकेक पोरगी.

"ही वायरिंग पावसाळ्यात तुम्हीच केलीत ना?"

"मीच केलती."

"आणि दिसत नाही कधीपासून?"

"तीन वरसं झाली."

बाई पोरींकडे वळल्या. "सगळ्या जणी ओसरीत जा," एवढंच म्हणाल्या. पोरी गेल्या. मग त्यांनी जाऊन मेन स्विच पाडला, टॉर्च आणला, स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या हातात घेतला. नासिरभाईंना आपली लाज, दुकान, नाव, सगळं त्या क्षणी विसरायला झालं. लपवायच्या नादात आपण काय काय करून बसलो आहोत, हे त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट दिसलं.

त्यांनी एकेक बोर्ड उघडायला लावला. हे सांगत, त्या पाहत. "लाल वायर कोठी गेली? खटक्यावर का? बरं. तिचं तोंड स्क्रूच्या बाहेर आलं का?" पहिला बोर्ड ठीक होता. दुसरा, तिसरा, चौथा ठीक. पाचव्याशी बाईंनी टॉर्च जवळ नेला.

"काय आहे?"

"तांब्याचे दोन धागे बाहेर आलेत. बोर्डाच्या लोखंडी पेटीला टेकायला इतकंसं अंतर आहे." त्यांनी बोटं दाखवली, मग लक्षात येऊन म्हणाल्या, "तांदळाच्या दाण्याएवढं."

पेटीला वायर टेकली असती तर करंट पेटीत, पेटीतून तिला भिडलेल्या लोखंडी टेबलात, आणि टेबलातून पोरीत आला असता. बाईंनी नासिरभाईंच्या सांगण्यावरून धागे कापले, टेप गुंडाळली, उरलेले तीन बोर्ड पाहिले. मग डबा घेतला. तोही बाईंनी स्वतःच्या हातानं उघडला, नासिरभाई सांगत गेले. "हिरव्या रंगाची लांब पट्टी आहे का, दोन पांढऱ्या खिट्ट्यांमधी? थे काढा. तिच्या पिवळ्या दातावरून खोडरबर फिरवा, हलक्या हातानं. आता परत दाबा, दोन्ही खिट्ट्या वाजल्या पाह्यजे." खिट्ट्या वाजल्या. मेन स्विच वर गेला. डब्यानं एकदा पीं केलं, पडदा उजळला, आणि ओसरीतून डोकावणाऱ्या पोरी ओरडल्या. मेमरीची ती पट्टी आपल्या जागेवरून जराशी हलली होती, बिघाड तो काय तेवढाच.

सुचित्राताईंना हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. "चाचा, मी हे कुणाला सांगणार नाही," त्या दारात म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

"असं नोका करू मॅडम," नासिरभाई म्हणाले. "आता मलेच सांगा लागते."

घरी आल्यावर त्यांनी सुग्राबीला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलता सोलता थांबली. "किसकिसके घर वायरिंग किए, याद है?" एवढंच तिनं विचारलं. नासिरभाईंना घरं तोंडपाठ होती. गेल्या तीन वर्षांतली ती सगळी त्यांनी एकामागून एक सांगितली. मशिदीमागची चार, बाजारातली सात दुकानं, देवरावची पिठाची गिरणी, एक दवाखाना. सुग्राबीनं मध्येच थांबवलं. "बस करो," ती म्हणाली, "सुबह से शुरू करना." रात्री दोघंही जेवली नाहीत म्हटलं तरी चालेल.

सकाळी सर्वांत आधी त्यांनी गिरणी गाठली, कारण सगळ्यांत मोठी मोटार तिथली. मोटारीचा स्टार्टर त्यांनीच गेल्या दिवाळीत बसवला होता. दहाला लाईन आली होती. दारात पाच-सहा बाया डबे घेऊन बसल्या होत्या आणि देवराव, अंगभर पिठानं पांढरा झालेला, पट्टा चढवायच्या तयारीत होता.

"या नासिरभाई! सकाळीच इकडं कोठी?"

"देवरावभाऊ, थांबा जरासं. मोटार चालू करू नोका." नासिरभाईंनी वाटभर घोकलेलं वाक्य म्हटलं. "तुमचा स्टार्टर मी बसवला ना, थो दुसऱ्या कोणाकडून एकदा पाहून घ्या. मले दिसत नाही. तवाही दिसत नव्हतं."

देवराव खदखदून हसला. बायाही हसल्या. "काय गंमत करून राह्यले सकाळी सकाळी! तुमचं काम पाहाले दुसरा कोण लागते? अवघ्या तालुक्यात तुमच्यावाणी हात नाही. घ्या, आधी चहा घ्या."

नासिरभाई उभेच राहिले. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्या सोसल्या असत्या. हा विश्वास सोसवत नव्हता, आणि असलीच पंचवीस-तीस दारं अजून बाकी होती. "भाऊ, खरं सांगून राह्यलो जी," ते पुन्हा म्हणाले आणि समोर पाहत उत्तराची वाट पाहू लागले.

उत्तर येईना. देवराव त्यांच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याजवळ, चहाचा ग्लास पुढे करून केव्हाचा उभा होता. उजवीकडच्या बायांपैकी एक जण हळूच म्हणाली, "नासिरभाई, चहा." नासिरभाई आवाजाच्या दिशेनं वळले. ते उजवीकडे वळले, ग्लासाकडे त्यांची पाठ झाली.

देवरावनं ग्लास खाली ठेवला. तो मोटारीपाशी गेला, मेन स्विच पाडला आणि बायांना म्हणाला, "डबे घेऊन जा माय, आज दळण होणार नाही."